बूटबाईंचं पार्टिशन

सकाळपासून वारा सुटला होता. सुटला कसला, पिसाळलाच होता. रस्त्यावरची धूळ उचलून पाट्यांवर, काचांवर आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांत घरचं कार्य असल्यासारखी वाटत फिरत होता. बूटबाईंनी शटर अर्धं वर केलं, वाऱ्याचा रोख बघितला आणि दुकानाच्या पायरीवर कॉम्प्युटरचा एक डबा आडवा घातला. नाकाला रुमाल बांधला, झाकण उघडलं आणि ब्लोअरचं तोंड आत खुपसून बटण दाबलं. आतून धुळीचा असा लोट निघाला, की वाऱ्यानेसुद्धा क्षणभर थबकून बघितलं असेल. मग निघाली एक वाळलेली पाल, कुणाच्या तरी डोक्यावरचे केस आणि बिस्किटाचा तुकडा.

"एवढा संसार पोटात घेऊन बसलास, मग तापणार नाहीस तर काय?" बूटबाई डब्याला म्हणाल्या.

मनातल्या मनात विचार करणं त्यांना जमत नसे. विचार यायचा तो तोंडातूनच यायचा, आणि तोंडही असं, की बोलल्या तर समोरच्या फूटपाथवरचा माणूस "मला म्हणालात का?" असं विचारायचा. त्यात मशीनशी त्या नातलगांशी बोलावं तसं बोलत. रुसलेल्या प्रिंटरला "ये गं माझी बाय," आणि रेंगाळणाऱ्या डिस्कला "हलव की पाय, मेल्या!"

बूटबाई हे नाव काही आईबापांनी ठेवलेलं नव्हतं. दुकान काढलं तेव्हा नवऱ्याने हौसेने पाटी रंगवून आणली होती: 'बूट न होणारे कॉम्प्युटर दुरुस्त करून मिळतील.' बूट होणं म्हणजे मशीनने झोपेतून उठून कामाला लागणं, हे दुकानात येणाऱ्याला ठाऊक असतं. पण पेंटरने 'बूट' एवढा मोठा काढला, की बाकीच्या मजकुराला मुंगीच्या पावलांनी कोपऱ्यातून जावं लागलं. मग काय, तळ उसवलेले बूट काउंटरवर येऊन पडू लागले. शेजारीच बूट-चपला शिवणाऱ्याचं दुकान. बाई गिऱ्हाईक तिकडे पाठवायच्या. तिकडे चुकून लॅपटॉप गेला, की तो इकडे पाठवायचा. या देवाणघेवाणीत बाई झाल्या बूटबाई आणि शेजारी नुसता चपलावाला उरला. ते त्याला अजून खुपायचं. "वहिनी, बूट तर तुम्ही पळवलेत," तो म्हणायचा, "चपला तेवढ्या राहू द्या गरिबाला."

दुकानामागे एक लांबट खोली होती. तिच्यात बाईंचे जुने मॉनिटर, कीबोर्ड आणि वायरींचे गुंते सुखाने नांदत होते. पण थंडीच्या तोंडाशी सासरे राहायला आले. मामंजी जन्मभर एका दवाखान्यात कंपाउंडर होते. सासूबाई गेल्यावर आपल्या जुन्या घरी एकटेच राहायचे. एका सकाळी न्हाणीघरात पाय घसरला आणि थंड फरशीवर तसेच पडून राहिले. दुधवाल्याला बंद दाराआडून कण्हणं ऐकू आलं म्हणून निभावलं. मुलगा गेला आणि हाताला धरून घेऊनच आला. मग खोली मधोमध कापली. अलीकडे दुकानाचं टेबल, पलीकडे मामंजींची खाट आणि मध्ये प्लायवूडचं पार्टिशन. ते नवऱ्याने स्वतः ठोकलं. तो लिफ्टचा मेकॅनिक. वर-खाली करण्यात त्याचा हातखंडा, पण मापात कच्चा. प्लाय कमी पडला आणि पार्टिशन छताला टेकलंच नाही. वरच्या फटीतून उजेड जायचा, डास जायचे आणि बूटबाईंचा आवाज तर पाहुण्यासारखा ऐसपैस जायचा.

मामंजींचे गुडघे थकले होते, डोळे थकले होते. कान मात्र अजून 'पुढचा पेशंट' ऐकायला टपल्यासारखे तल्लख होते.

मामंजी कधी तक्रार करत नसत. हीच बाईंची त्यांच्याबद्दलची मोठी तक्रार होती. उठले की अंथरुणाची अशी घडी घालायचे, जशी काही दुपारची गाडी आहे. पोटच्या पोराच्या घरात विचारायचे, "पंखा लावला तर चालेल ना?" वर "मी काय, वाटेत नाही ना कुणाच्या?" बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण सासऱ्याला काय बोलणार? मग त्या तो राग एखाद्या मशीनवर काढायच्या.

तर त्या वाऱ्याच्या सकाळी बँडमास्तर आले. लष्कराच्या बँडमधून निवृत्त झालेला माणूस. मिशा दोन्ही बाजूंना सावधान. चादरीत गुंडाळलेला लॅपटॉप त्यांनी आजारी पोर आणावं तसा छातीशी धरला होता.

"ताई, हा उठतच नाही."

"कधीपासून?"

"काल अपग्रेड करायला लावला. मध्येच म्हणाला, जागा नाही. मी म्हटलं, नसेल तर नसू दे, आणि बंद करून टाकला. माझ्या सगळ्या चाली आहेत त्यात. जन्माची कमाई."

बाईंनी बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एक फौज सरसर वर गेली आणि तळाशी येऊन थिजली. बाईंचा पहिला संशय रॅमवर. घरात काहीही फुटलं की एकाच पोराकडे बघतात ना, तसं त्यांचं रॅमशी होतं. खालचं झाकण उघडलं, स्क्रू डबीत टाकले, रॅमची पट्टी काढून तिचे पिवळे दात खोडरबरने घासले, पुन्हा बसवली. फौज वर गेली, थिजली. मग डिस्क काढून फुंकर मारली, पुन्हा बसवली. तेच. तेव्हा कुठे त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि पडद्यावर पहिल्यापासून काय लिहिलं होतं ते वाचलं. आधी खोलायचं आणि मग वाचायचं, ही त्यांची जुनी खोड.

"हात्तिच्या! कर्नल घाबरलाय."

मास्तर खुर्चीतून उठून ताठ उभे राहिले. "कोणते कर्नलसाहेब?"

"बसा हो. हे मशीन ज्याच्यावर चालतं त्या लिनक्सचा जीव ज्यात असतो ना, त्याला कर्नल म्हणतात. उठताना त्याला आपलं सामान सापडलं नाही, की तो घाबरतो आणि तिथेच बसकण मारतो. तसंच लिहिलंय इथे."

"आमचे कर्नल कधी घाबरले नाहीत," मास्तर बसत म्हणाले. "बाईसाहेबांचा फोन आला की तेवढे."

बाईंनी आणखी खोदलं आणि सगळा उलगडा झाला. डिस्कच्या सुरुवातीला एक बारकं पार्टिशन असतं, म्हणजे वेगळा आखलेला कप्पा. कर्नल तिथे राहतात. दर अपग्रेडला नवा येतो आणि जुना तिथेच पडून राहतो. मास्तरांनी कधी साफसफाई केलीच नव्हती. नवा आला, त्याला आडवं व्हायलाही जागा मिळाली नाही, आणि अर्धा आत अर्धा बाहेर असा अडकला.

बाई हे मास्तरांना समजावत होत्या तेव्हा मामंजी आंघोळीला गेले होते. ओला टॉवेल खांद्यावर टाकून ते खोलीत परतले आणि पार्टिशनपलीकडून बाईंचा आवाज आला. आधीचं काही त्यांनी ऐकलं नव्हतं.

"केवढंसं ते पार्टिशन, आणि त्यात म्हातारे कोंबलेत! नव्याने पाय ठेवायचा कुठे?"

"मग आता?" मास्तरांचा आवाज.

"आता काय, म्हातारे काढायचे! बसून तर असतात, काम ना धाम, नुसती जागा अडवून."

"सगळेच?"

"एखादा ठेवायचा, अडीनडीला. पण तो उठतोय का ते तर बघू आधी." मग टेबलावर थाप पडली. "ऊठ रे म्हाताऱ्या! ऊठ! बघू दम उरलाय का तुझ्यात!"

मामंजी खाटेवर बसू पाहत होते, ते तसेच उभे राहिले.

"आणि नाहीच उठला तर?"

"तर पुसून टाकायचं सगळं नि नवं आणायचं. पण मी काय म्हणते मास्तर, एवढं निस्तरलं की ते पार्टिशन उडवून देऊ आणि घर वेगळं काढू. सगळं एकत्र ठेवलंय ना, त्याचाच ताप आहे हा. एकाला काही झालं की दुसऱ्याच्या गळ्याशी!"

बाईंच्या धंद्यात 'घर' म्हणजे माणसाचे स्वतःचे कागद, फोटो, गाणी जिथे असतात तो कप्पा. तो वेगळा काढला, की बाकी सगळं पुसलं तरी माणसाची जिनगानी शाबूत राहते. येणाऱ्या प्रत्येकाला त्या हाच सल्ला देत. पण प्लायवूडला काय ठाऊक? त्याने जसं आलं तसं पलीकडे पोचवलं.

मामंजींनी टॉवेल पिळला. कोरडे कपडे घातले. पिशवी काढली, तिच्यात दोन सदरे, औषधं आणि दाढीचं सामान घातलं. अंथरुणाची घडी तर घातलेलीच होती.

इकडे बाईंनी मशीन लावताना सुरुवातीला येणाऱ्या यादीतून एक जुना कर्नल निवडला होता. पडदा काळा राहिला. मग एक गोल फिरू लागलं. आणि मग मास्तरांच्या बँडचा फोटो, लाल कोट, पितळी तुताऱ्या, सगळं झगझगत पडद्यावर आलं.

"उठला! म्हातारा उठला बघा!" बाई टाळी पिटत ओरडल्या.

पलीकडचाही उठला होता. मागच्या दाराने बाहेर पडलासुद्धा.

थोड्या वेळाने चपलावाला दुकानाच्या दारात आला. हातात एक काळा बूट होता.

"वहिनी, बूट मागतायत."

"झाला की बूट! आत्ताच झाला," बाई पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या.

"कुठला झाला? टाच बसवायचीय अजून."

"टाच कसली? जुन्यावर उठलाय. नव्याचं बघू सावकाश."

"जुनाच आहे तो. मी काय नवा देणार आहे त्यांना? पण एका बुटावर जाऊ देऊ का?"

"एका बुटावर चालत नाही कधी. पुन्हा बंद करून दुसऱ्यांदा बूट करून बघायचा. तो झाला, की मग खात्री."

"तेच म्हणतोय ना मी! दुसरा माझ्या हातात आहे, म्हणून तर थांबलेत. नाहीतर तुमचे मामंजी केव्हाच गाडीत बसले असते."

बाईंनी आत्ता वर बघितलं. "मामंजी?"

"माझ्या स्टुलावर बसलेत, पिशवी घेऊन. म्हणतात आपल्या घरी जातो. परत यायचं नाही, म्हणून दोन्ही बूट पक्के करून दे म्हणतात."

बाई अशा उठल्या, की कोपराचा धक्का लागून स्क्रूंची डबी टेबलावरून उडाली आणि स्क्रू चहूकडे घरंगळले. त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही.

मामंजी खरंच स्टुलावर बसले होते. एका पायात बूट, दुसऱ्यात मोजा. वाऱ्याने डोक्यावरचे चार केस उभे केले होते आणि पिशवी मांडीवर घट्ट धरली होती.

"मामंजी, हे काय? कुठे निघालात?"

"घरी."

"घर इथे आहे."

"ते तू वेगळं काढतेयस."

"मी?"

"ऐकलंय मी. कान शाबूत आहेत. म्हातारे काढायचे, जागा अडवून बसतात. पार्टिशन उडवायचं. आणि बाहेरच्या माणसाशी ही मसलत, बँडवाल्याशी! मला सांगितलं असतंस सरळ, तर मीच गेलो असतो. 'ऊठ रे म्हाताऱ्या' म्हणायची गरज नव्हती."

बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि त्या हसत सुटल्या. इतक्या, की चपलावाल्याच्या दाराला धरून उभं राहावं लागलं. मामंजींचा चेहरा आणखी काळवंडला. "हास," ते म्हणाले. "हास, हास. आण रे तो बूट."

चपलावाला मोठा धोरणी. त्याने टाच ठोकायला घेतली. एक ठोका टाचेवर आणि दोन हवेत.

तेवढ्यात मास्तर लॅपटॉप उघडाच दोन्ही हातांवर ताटासारखा धरून आले. "ताई, चाली सापडल्या! मग म्हातारे कधी काढायचे? आजच उरका की, मला वेळ आहे."

"बघ!" मामंजी म्हणाले.

"अहो मामंजी, यातले! या मशीनमधले म्हातारे!" बाईंनी मास्तरांना दंडाला धरून पुढे ओढलं आणि पडद्यावर कर्नलांची यादी उघडली. "हे बघा. हा कर्नल, हाही कर्नल, हे सगळे जुने. यांचं पार्टिशन भरलंय. डिस्कचं पार्टिशन हो, तुमचं नाही! आणि घर म्हणजे मास्तरांच्या चालींचा कप्पा."

मामंजींनी चष्मा सावरून यादी निरखली, जन्मभर डॉक्टरांचं अक्षर निरखलं तशी.

"यातला उठला तो कोणता?"

"हा."

"आणि बाकीच्यांना काढणार."

"हो."

मामंजी आता चिडलेले नव्हते, ओशाळले होते, आणि ते जास्त अवघड. चिडलेल्या माणसाला समजूत घालून उठवता येतं. ओशाळलेला माणूस स्टुलाला चिकटतो. त्यांनी पिशवीचे बंद पुन्हा बोटांना गुंडाळले.

"आज मशीनचं होतं," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "पण खोटं काय आहे त्यात? जागा तर तुझीच घेतलीय मी. जातो. तिकडे बरंय माझं."

अशा वेळी सुनेने काय म्हणायचं हे जगाला पाठ आहे. 'छे हो मामंजी, असं काय बोलता!' बाईंच्या ओठांवरही ते आलं होतं. पण विचार तोंडातूनच बाहेर पडायची सवय, ती आड आली.

"घेतलीयच," त्या म्हणाल्या.

चपलावाल्याची हातोडी हवेत राहिली.

"घेतलीयच जागा. माझे मॉनिटर बोळात रचलेत, येता-जाता गुडघे फुटतात माझे. कुरकुर करते मी. ह्यांच्यापाशी करते, मशीनपाशी करते, भिंतीपाशीसुद्धा करते. पण तुम्ही तिकडे न्हाणीत पडला होतात ना, तो दुधवाला काय म्हणाला ते मी ऐकलंय. म्हणाला, आधी वाटलं मांजर अडकलंय. ते आठवलं, की मॉनिटर गेले खड्ड्यात! तुम्ही तिकडे गेलात तर दिवसभर माझे कान तिकडेच. काम काय करणार मी? एखाद्याच्या मशीनचे स्क्रू दुसऱ्याच्यात बसवीन."

मास्तरांनी लॅपटॉप हळूच मिटला.

"एवढं पोटात होतं, तर तोंडावर का नाही बोललीस?" मामंजी म्हणाले.

"तुम्ही तरी कुठे बोलता? पंखा लावू का विचारता! पाहुणे आहात? मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. बोला की काय खुपतं ते. बोला, हे सगळे आहेत साक्षीला."

मामंजींनी खाकरून घसा साफ केला. चपलावाल्याकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं.

"चहा," ते शेवटी म्हणाले.

"काय चहाचं?"

"पाणचट असतो."

चपलावाल्याने मान डोलावली. त्यालाही रोज त्याच पातेल्यातला चहा जायचा. बाईंनी डोळे वटारले तसा तो खाली बघून टाच ठोकू लागला.

"आणखी?"

"तो ब्लोअर. उठल्या उठल्या वाटतं, छपरावर विमान उतरलं. आणि डास येतात वरच्या फटीतून, पण ते माझ्याच पोराचं काम आहे, तुला काय बोलू? आणि मशीनला म्हातारा म्हणत जाऊ नकोस. लागतं."

"मग काय म्हणू? मामंजी?"

"नको, नको!" मामंजी घाईने म्हणाले. "मग तर रोजच बूट मागायला यावं लागेल मला."

पहिले मास्तर हसले, मिशांसकट. मग चपलावाला. मामंजींना हसायचं नव्हतं, पण दातांची कवळी सैल होती, ती सावरायला म्हणून त्यांनी तोंडावर हात नेला आणि तो बराच वेळ तिथे राहिला.

"मग देऊ का हा बूट, की राहू दे?" चपलावाल्याने विचारलं.

"दे की! एका पायाने घरी कसा जाऊ?"

"घरी?" बाईंचा आवाज चिरकला.

"शेजारी, गं," मामंजी पिशवी बाईंच्या हातात कोंबत म्हणाले. "हे काय, दिसतंय की इथून."

दुकानात मामंजींना पहिल्यांदाच टेबलापाशी खुर्ची मिळाली. तिच्यावरचा वायरींचा ढीग खाली उतरवून ती मोकळी करावी लागली. बाई जुने कर्नल एकेक निवडून काढू लागल्या, तसे मामंजी पुढे झुकले.

"किती ठेवतेयस?"

"एक."

"आणि तोच आजारी पडला तर? आम्ही औषधाची एकच बाटली कधी ठेवली नाही कपाटात. फुटली म्हणजे?"

बाईंनी यादी पुन्हा वर सरकवली. त्यांनी दोन ठेवले. जागा मोकळी झाली, अर्धवट अडकलेलं अपग्रेड पुन्हा सुरू केलं, ते यावेळी मुकाट्याने पुरं झालं. मशीन बंद करून पुन्हा लावलं. नवा कर्नल न घाबरता उठला. मास्तरांनी खात्री करायला एक चाल लावली आणि ढोलाच्या दणक्याने काउंटरची काच थरथरली.

"घर वेगळं काढायला केव्हा आणू?" निघताना त्यांनी विचारलं.

"चाली दुसरीकडे उतरवून ठेवा आधी, मग आणा," बाई म्हणाल्या.

"हळू बोला मास्तर," मामंजी म्हणाले. "पलीकडे कुणी असेल."

मास्तर चादर गुंडाळून दरवाजापर्यंत गेले आणि परत आले. लॅपटॉप कानाशी हलवून बघितला. "ताई, खालचं झाकण डुगडुगतंय."

तेव्हा बाईंना डबी आठवली. दुकानभर स्क्रू पसरले होते. सुताला लोहचुंबक बांधून त्या गुडघ्यांवर बसल्या आणि टेबलाखाली शिरल्या. एकेक करत सापडले, पण एक काही केल्या मिळेना. मास्तर पाय वर घेऊन बसले.

"कपाटाखाली बघितलंस?" मामंजी खुर्चीतून म्हणाले.

"बघितलं."

"मग डावीकडे. अगं, डावीकडे! ती तुझी डावी झाली, माझी डावी बघ."

बाई काहीतरी पुटपुटल्या. लोहचुंबकाला टक्कन काहीतरी चिकटलं. बाहेर ओढून बघितलं तर हरवलेली केसांची पिन. ती त्यांनी अंबाड्यात खोचली, गाल फरशीला टेकवून अंधारात डोळे बारीक केले आणि पुढच्या कोपऱ्याकडे सरकल्या.